दरीसाठी घेतलेले बाबांचे बूट

मंडळी, आज दुपारी आमच्या घरी बाबांची तेरवी झाली.

बाबा जन्मभर इथल्या मँगनीजच्या खाणीत उतरले. माझा दादा अमेरिकेत असते. तिथं वाळवंटात लाल दगडांच्या खोल दरीचं नॅशनल पार्क आहे. दिवाळीनंतर दादा बाबाइले ते दाखवणार होता. बाबा म्हणायचे, "जमिनीच्या पोटातले दगड लय पाहिले. आता उन्हात उभा राहून पाहीन."

तिथं चालाले त्याइनं नवे बूट घेतले. पायाले बसावे म्हणून रोज सकाळी अंगणात घालून फिरायचे. आठच दिवस फिरले.

आज पंडितजी म्हणाले, "छाता-जूता दान करो बेटी. आगे यमलोक तक का रास्ता तपती रेत का है."

दानासाठी आणलेली नवी चप्पल मी पुढं केली. आईनं माझा हात धरला. "हे नाही वं. ते बूट दे. रेतीसाठीच घेतले होते नं त्याइनं."

व्हिडिओ कॉलवरून दादा हळूच म्हणाला, "टाच घासते म्हणत होते वं."

बूट गेले. तेव्हापासून माह्या डोक्यात तेवढंच फिरून राह्यलं. सांगा नं, आठ दिवसांत बूट पायाले बसत असतील का?