पळसाच्या पानातली चार भोकं

आज पिशवीत पळसाची पानं भरताना बोटांना तो तुरट वास लागला आणि मी थेट मूल गावातल्या शाळेच्या बाकावर जाऊन बसले.

ऐंशीच्या दशकातली, निवासी शाळेची प्रवेश परीक्षा. चौघडी केलेल्या कागदाला एक भोक पाडलं, तर उघडल्यावर तो कसा दिसेल, असा प्रश्न होता. माझ्या डोळ्यांपुढे काही येईना. मग आईने भात बांधून दिलेल्या पुडीचं पळसाचं एक पान मी काढलं, चौघडी केली आणि काडीने टोचलं.

"काय करून राह्यली, पोरी?" देखरेखीचे गुरुजी जवळ आले.

"कागदाले भोक पाडलं तर तुमी रागवान. म्हणून पानाले पाडलं."

त्यांनी पान उलगडून खिडकीशी धरलं. उन्हाचे चार ठिपके माझ्या उत्तरपत्रिकेवर पडले. गुरुजी हसले आणि पान परत देत हळूच म्हणाले, "लिही आता. वेळ संपून राह्यला."

निम्मे प्रश्न कोरेच राहिले आणि निवड झाली नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला ढ समजत होते. आता ते चार ठिपकेच आठवतात.

उद्या माझ्या भूमितीच्या वर्गाची चाचणी आहे. पानं सगळ्यांना पुरतील, आणि घड्याळ मी घरीच ठेवणार आहे.