शेवंतीकडची वाइन

कारापूरच्या चंद्रावतीला धाकट्या जावेचं, शेवंतीचं, काही बरं झालेलं कधी सोसलंच नाही. शेवंती या घरात तिच्या मागून आली, पण स्लॅबचं घर बांधलं ते तिनेच आधी. खाण बंद पडली तेव्हा चंद्रावतीच्या नवऱ्याचा खनिज वाहणारा ट्रक दारात गंजत राहिला, आणि शेवंतीचा मुलगा रुद्रेश फ्रान्सला हॉटेलात कामाला लागला.

डिसेंबरात तो रजेवर येऊन गेला. जाताना आईसाठी तांबड्या वाइनची एक बाटली ठेवून गेला. पुरुषमाणसं लग्नाला फोंड्याला गेली, त्या दुपारी शेवंतीने जावेला बोलावलं.

"यंदाच्याच द्राक्षांची, वैनी. रुद्रेश म्हणालो, ताजीच पियाची, जराशी थंड करून."

ही कडू निघू दे, असं मनात म्हणतच चंद्रावतीने ग्लास तोंडाला लावला. पण जिभेवर जांभळं उतरली, मागोमाग पिकली करवंदं. फेणीसारखा घसा जाळणं नाही, काही नाही. हलकी, गोडसर, हसरी. ग्लास कधी रिकामा झाला तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा जळफळाटच झाला. असलं सुख हिला घरबसल्या!

"कशी लागली?"

"आंबट. आमची सोलकढी बरी."

शेवंतीने बाटलीला बूच लावलं.

बुधवारी डिचोलीच्या बाजारात शेजारची गौरवी भेटली. "शेवंतीमामीने उरलेली वाइन आम्हांला दिली. काय सुंदर हो!"

चंद्रावतीने निवडलेली वांगी तशीच टाकली, बस पकडली आणि थेट जावेच्या दारात उभी राहिली.

"गौरवीक कित्याक दिलंस?"

"तुमका आंबट लागली मां?"

"माका आवडली होती!"

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. शेवंतीला हसू आवरेना.

"ठावक आसा. ग्लास उलटो करून थेंब चाटत होत्यात. मगे बरी म्हणाक काय झाला?"

"तुझा बरा म्हणाक माझी जीभच वळना नाय," चंद्रावती म्हणाली. इतक्या वर्षांत ती जावेशी इतकं खरं कधी बोलली नव्हती.

शेवंतीचं हसू थांबलं. तिने चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "रुद्रेशाक सांगतंय, पुढच्या फेरेक दोन आण. एक तुमका."

चंद्रावती पायरीवर टेकली. मन जरा निवल्यासारखं झालं. चहाचा कप हातात आला, तोच तिने विचारलं,

"दोनूय सारख्योच मां?"