नव्या डिस्कवर जुनं दुकान

तेलगावला आमचं लग्नपत्रिका आणि बॅनर करून द्यायचं छोटं दुकान आहे. दुकान मिस्टरांचं. त्यांना अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ बंद झालं, तेव्हापासून खुर्चीवर मी बसते. टायपिंग त्यांनीच शिकवलं. शेजारी बसून डाव्या हातानं ते एकेक कळ दाखवायचे.

गेल्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरमधून टकटक आवाज यायला लागला. सीपीयू पिशवीत घालून मी एसटीनं बीडला गेले. मिस्टरांच्या ओळखीच्या मेकॅनिकभाईंनी आवाज ऐकला नि तोंड वाकडं केलं.

"भाभी, हार्ड डिस्क चालली. नवी टाकू. पत्रिकेच्या सॉफ्टवेअरची सीडी हाय का?"

सीडी कधीच हरवली होती. ते सॉफ्टवेअर आता कुठं मिळतही नव्हतं.

"मग नव्यानं टाकायची सोयच न्हाई. जुनी डिस्क हाय तशी नवीवर उतरवू. प्रोग्राम, फॉन्ट, फाइली, समदं एकदम. फक्त हिनं तवर दम धरला पायजे."

दुपारभर मी पडद्यावर सरकणारी पट्टी बघत बसले. मध्येच ती अडली. भाईंनी डिस्क थंड होऊ दिली, पुन्हा जोडली. संध्याकाळी कॉम्प्युटर नव्या डिस्कवर चालू झाला आणि सॉफ्टवेअर काहीही न विचारता उघडलं. मला रडूच आलं.

"थोडा भाग वाचताच आला न्हाई," भाई म्हणाले. "काय गेलंय ते बघून घ्या."

सकाळी मिस्टरांना दुकानात आणून बसवलं. "अहो, सगळं होतं तसंच आहे बघा." त्यांनी डाव्या हातात माउस घेतला आणि थेट एकच फोल्डर उघडलं. लग्नाआधीपासून त्यांनी स्वतः रेघ रेघ ओढून काढलेले मोर, कलश, वेलबुट्ट्या त्यात होत्या. नावं सगळी दिसत होती. उघडत एकही फाइल नव्हती.

"न्हाई... न्हाई..." ते क्लिक करत राहिले.

"छापलेल्या पत्रिका आहेत की. त्यावरून परत काढू."

त्यांनी मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडं पाहिलं. मी बोलले नसते तर बरं झालं असतं.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. बोलवायला गेले की भिंतीकडं तोंड करतात. परवा एका बारशाच्या बॅनरवर मी इंटरनेटवरचा तयार मोर टाकला. गिऱ्हाइकाला तो लई आवडला.