अळणीचं कौतुक

मीठ घातलेली भाजी मी दोन महिने अळणी समजून खाल्ली. वर तिची स्तुतीही केली.

मुरुम गावात मास्तर होतो. चेहरा गरगरीत दिसायला लागला, तेव्हा लग्न मानवलं म्हणून मी खूश. मग चपला पायात जाईनात. डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी तापवली, ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. म्हणाले, "दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चाललीत. रक्त धुणारं यंत्र निघालंय म्हणे परदेशात. इथं औषध थोडं न् पथ्यच फार. मीठ बंद. सूज छातीत गेली तर माझ्या हातात काही नाही."

मी घाबरून मीठ सोडलं. पहिले काही दिवस घास तोंडात नुसता फिरायचा. पुढं जमलं. जमलं म्हटल्यावर गप्प बसेल तो मास्तर कसला? वर्गात, पारावर, भेटेल त्याला सांगत सुटलो, की मिठाखाली भाजीची खरी चव दबून जाते.

सूज मात्र हलेना. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला, खड्डा तसाच राहिला. "गुरुजी, चोरून खाताय तुम्ही." मी मायची शपथ घेतली. त्यांनी ती हसण्यावारी नेली. बायको शेजारीच उभी होती.

एकदा माझा मुसलमान दोस्त, कापडदुकानवाला, जेवणाच्या वेळी आला. मी हौसेनं माझ्या वाटीतलं वांगं त्याच्या हातावर ठेवलं. म्हटलं, बघ, अळणीतबी काय गोडी असते.

त्यानं चावून गिळलं. "मास्तर, नमक तो बराबर है. आमच्या घरी याच्यापेक्षा कमी पडतं."

माय चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही. "अळणी सुतकात शिजवत्यात. जित्या लेकाच्या ताटात कसं वाढू? चिमूटभर टाकत होते."

मायवरचा राग चार दिवसांत गेला. बायकोवरचा जाईना. दोघी एकाच चुलीवर रांधायच्या. डॉक्टरांनी मला तोंडावर खोटारडा ठरवलं, तेव्हा हिला सगळं माहीत होतं आणि ही गप्प होती. मी शेगडी वेगळी मांडली. माझं मीच रांधायचो. वांगी करपायची, भात कच्चा राहायचा, पण तिच्या हातचा घास घशाखाली उतरणार नाही असं वाटायचं. हळूहळू चपला पायात जायला लागल्या. मूत्रपिंडं काही नवी झाली नाहीत. पथ्य जन्माचं चिकटलं ते चिकटलंच.

शेवटी एकदा विचारलंच, "डॉक्टरांसमोर तरी बोलायचं होतंस. का नाही बोललीस?"

"अवो, तुमी रोज ताटावर बसून त्या भाजीचं कवतिक करत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, खायला गावतंय म्हणून सोंग करताय. खरंच कळंना झालंय, इतके बधिर असाल, हे मला काय ठाव?"