सविस्तर यांच्यावरचा ठपका

‘वहिनी’ म्हटल्याबरोबर तिच्या डोक्यात तिडीक गेली. एकोणतीस वर्षं नवरा या विधी साहाय्य कार्यालयात राबला. तेवढ्या वर्षांत या साहेबांनी तिच्याकडे बघून कधी मानही हलवली नव्हती. आणि नवरा जाऊन सहा आठवडे झाले नाहीत, तर ती वहिनी.

“बसा ना वहिनी. पाणी घेता?”

“नको. कागद कुठला आहे तो दाखवा.”

शेजारी बसलेल्या मुलीने टेबलाखालून तिचा हात दाबला. आई, जरा दमाने. तिने हात सोडवून घेतला.

कागद दोन निघाले. पहिला शोकसभेत वाचायचा परिचय होता. परक्या देशातून येऊन इथल्या गोरगरिबांचे वकील झाले, प्रत्येक अशिलाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, घड्याळाकडे कधी पाहिलं नाही, वगैरे. खाली साहेबांची सही. दुसरा कागद म्हणजे कारणे दाखवा नोटीस. प्रत्येक अशिलासाठी ठरवून दिलेल्या बारा मिनिटांऐवजी आपण सरासरी चाळीस मिनिटे घेता, त्यामुळे कामाचा खोळंबा होतो, आपल्यावर कारवाई का करू नये? खाली तीच सही, तशीच शेपूट ओढलेली. तारीख, नवरा कोर्टाच्या जिन्यात कोसळला त्याच्या अकरा दिवस आधीची.

“दोन्ही तुम्हीच लिहिलंत?” तिने विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला. “नोटीस हा कामाचा भाग असतो, वहिनी. आम्हालाही वरून विचारतात. पण उत्तर आलं नाही तर ठपका आपोआप कायम होतो. एवढ्या भल्या माणसाच्या नोंदीवर डाग राहावा असं मलाही वाटत नाही. म्हणून मी मार्ग काढलाय. ‘प्रकृती ठीक नसल्यामुळे कामाचा वेग मंदावला होता.’ एवढं एकच वाक्य. खाली तुमची सही. फाइल बंद.”

“आई, कर ना सही,” मुलगी हळूच म्हणाली. “बाबांचं नाव स्वच्छ राहील.”

वेग मंदावला होता म्हणे! त्याला वेग होता कधी? कार्यालयात सगळे त्याला ‘सविस्तर’ म्हणायचे. सविस्तर आले का, सविस्तरांना सांगा, शिपायापर्यंत सगळे. त्याची रीत ठरलेली होती. समोरच्या माणसाने पहिल्यांदा सगळं सांगायचं, तेव्हा पेनाचं टोपण बंद. मग पाणी द्यायचं. मग दुसऱ्यांदा पहिल्यापासून सांगायला लावायचं, आणि तेव्हा लिहायचं. पहिल्यांदा माणूस घाबरून बोलतो, दुसऱ्यांदा आठवून बोलतो, असं त्याचं म्हणणं.

हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. सव्विसाव्या वर्षी तो या देशात आला तेव्हा राहण्याच्या परवान्याच्या खिडकीवरच्या बाईने त्याला धडाधड प्रश्न विचारले. भाषा अर्धीमुर्धी कळत होती, मागे रांग खोळंबलेली, आणि बाई वैतागलेली. तो प्रत्येक प्रश्नाला मान डोलावत गेला. त्यातला एक प्रश्न होता, याआधी कधी प्रवेश नाकारला गेलाय का? यालाही हो! त्या एका होकारापायी बायकोचा अर्ज दोन वर्षं अडकला. मुलगी तिकडेच जन्मली, तिकडेच चालायला लागली, आणि बाप इथे गोदामात खोकी उचलत कायद्याची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून देत होता, कारण तिकडच्या पदवीला इथे कुणी विचारत नव्हतं. विमानतळावर लेक त्याला बघून भोकाड पसरून रडली. त्याने तिला उचलायची घाई केली नाही. तिथेच फरशीवर बसला, अर्धा तास. शेवटी तीच जवळ आली.

घरातही तेच. पोरांची भांडणं झाली की दोघांना समोर बसवून आधी एकाचं, मग दुसऱ्याचं, मग परत पहिल्याचं. “कोर्ट बसलं,” मुलगा ओरडायचा, आणि निम्म्या वेळा निकाल लागायच्या आत दोघं भांडण विसरून खेळायला पळायची. इस्त्री करायला बसला की एका शर्टाला पंधरा मिनिटं. आणि ती? तिने काय कमी बोल लावले होते त्याला?

“जगाची गाऱ्हाणी ऐकायला वेळ आहे, माझं एक वाक्य ऐकायला नाही!”

तो हातातलं खाली ठेवायचा, खुर्ची ओढायचा. “सांग.”

“आता काय सांग! भाजी करपली!”

तीस वर्षं ती त्याच्यावर चिडत आली होती. पण तो तिचा हक्क होता. या टेबलापलीकडच्या माणसाचा नव्हे.

आणि ठपका काही हवेतून आला नव्हता, हेही तिला माहीत होतं. धुलाईच्या कारखान्यातल्या एका कामगारावर चादरी चोरल्याचा आळ होता. नवऱ्याने त्याला दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना त्या माणसाला आठवलं, की त्या दिवशी कोठीची किल्ली त्याने मुकादमाच्या हातात दिली होती, आणि वहीत मुकादमाची सही होती. माणूस सुटला. पण नवरा त्याचं ऐकत बसला होता तेवढ्यात पलीकडच्या खोलीत त्याच्याच दुसऱ्या अशिलाचा, एका पोरीचा, पुकारा झाला, वकील जागेवर नाही, आणि ती पोरगी तीन दिवस जास्त कोठडीत राहिली. त्या तीन दिवसांत नवऱ्याच्या घशाखाली धड घास उतरला नाही. ताटावरून उठायचा. “तिच्या वेळेला मी तिच्याजवळ हवा होतो,” एवढंच म्हणायचा. “आणि त्याच्याजवळही.”

“दिवसाला किती माणसं द्यायचात ह्यांना?” तिने साहेबांना विचारलं.

“सरासरी पस्तीस-चाळीस.”

“आता त्यांच्या जागी कोण आलंय?”

साहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले. “जागा सध्या भरायची नाही असं ठरलंय. काम दोघांत वाटून दिलंय.”

“म्हणजे आता प्रत्येकाला साठ.”

“वहिनी, ते वेगळं आहे. आपण सहीबद्दल बोलतोय.”

“मी त्याचबद्दल बोलतेय.” तिच्या आवाजाने दारातली कारकून बाई थबकली. “माझा नवरा आजारी नव्हता. रोज चार मजले चढून घरी यायचा. घाई करायची नाही हे त्याने ठरवलं होतं. चांगलं का वाईट ते ठरवा तुम्ही, पण आजार म्हणू नका. सभेत शहाणपण म्हणायचं आणि फाइलीत दुखणं?”

“मग ठपका राहील.”

“राहू दे.”

“आई!” मुलीचे डोळे भरले होते.

“खरा आहे ग तो. घेतलाच त्यांनी जास्त वेळ. मला कोरा कागद द्या.”

तिने तिथेच लिहायला घेतलं. भाषा तीस वर्षांनंतरही लिहिताना अडखळायची. मुलगी म्हणाली, सांग, मी लिहिते. नको म्हणाली. प्रकृती उत्तम होती. वेळ जास्त घेतला हे खरं. एकाला ऐकून सोडवलं आणि एकीला थांबावं लागलं, त्याचं दुःख त्यांनी जेवण सोडून भोगलं. त्या मुलीला तीन दिवस कोठडीत कोणी ठेवलं, हे चाळीसजणांना एक वकील देणाऱ्यांनाही विचारावं. त्यांनाही अशीच नोटीस काढावी.

साहेब दोनदा उठले, दोनदा बसले. शेवटी वाचून म्हणाले, “हे असं फाइलीला लागलं तर शोकसभेचा पुन्हा विचार करावा लागेल. वरचे लोक येणार आहेत.”

“करा विचार. तो परिचयाचा कागदही फाडा.”

“तुम्ही रागात आहात, वहिनी.”

“हो,” ती म्हणाली. “आणि मी तुमची वहिनी नाही. पोच द्या.”

साहेबांनी कारकून बाईकडे पाहिलं. तिने कागद घेतला, त्याची प्रत काढली, दोन्हींवर शिक्का मारला, तारीख घातली. प्रत परत देताना ती साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “आवक क्रमांक घातलाय. आता हा कागद हरवणार नाही.”

बाहेर जिन्यात मुलगी दोन पायऱ्या पुढे उतरत होती. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर कशीबशी म्हणाली, “आता नोंदीत कायमचं राहणार, बाबांनी चूक केली म्हणून.”

“राहणार,” ती म्हणाली. “आणि त्याच्याखाली माझा कागद राहणार. वाचायचं असेल त्याला दोन्ही वाचावे लागतील.”

कठडा धरून ती उतरत राहिली. राग तसूभरही उतरला नव्हता, आणि तो उतरावा अशी तिची इच्छाही नव्हती.