शब्दांची फोड

आम्ही नववीत गेलो त्या वर्षी शाळेत इंग्रजीला नवे सर आले. आधीच्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या त्या परतल्याच नाहीत. त्यांच्या जागी हे आले, खानदेशाकडचे, पंचविशीतले, अंगाने काटकुळे. नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता यायची होती. येईल येईल म्हणत ते शाळेमागच्या एका खोलीत राहत, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत.

शाळा शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत होती. तिन्ही बाजूंना भाताची खाचरं. कापणी सुरू झाली की अर्धा वर्ग रिकामा व्हायचा. आमचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं, आणि चार वर्षांत आम्ही शिकलो होतो ते एवढंच, की गाइडमधलं उत्तर प्रश्नाच्या पहिल्या तीन शब्दांवरून ओळखायचं आणि पाठ केलेलं उतरवून काढायचं. उत्तरात काय लिहिलंय हे कुणी विचारत नसे.

नव्या सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘इन्क्रेडिबल’ लिहिलं.

“अर्थ कोण सांगतो?”

कुणीच नाही. मग त्यांनी खडूने त्या शब्दात दोन उभ्या रेघा मारल्या. “पहिला तुकडा म्हणजे नाही. मधला क्रेड, म्हणजे विश्वास. शेवटचा म्हणजे होण्याजोगा. आता जोडा.”

माझ्या शेजारी माझी मैत्रीण बसली होती. ती बसल्या बसल्याच म्हणाली, “विश्वास नाय बसणार असं.”

सर हसले. “शब्द पाठ करायचा नाही,” ते म्हणाले, “फोडायचा.”

त्या दिवसापासून रोज पाच शब्द. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे तुकडे, उजवीकडे अर्थ. बाकीचा वर्ग आठवडाभरात कंटाळला, पण आम्हा दोघींना नाद लागला. येता-जाता वाटेवर आम्ही तेच करायचो. खताच्या गोणीवर, एस.टी.च्या काचेवर, जिथे इंग्रजी दिसेल तिथे थांबायचं. एकदा आमच्या घरच्या फवारणीच्या डब्यावर ‘इन्सेक्टिसाइड’ दिसलं. ती म्हणाली, “साइड म्हणजे मारणं गो. सुसाइडमधलं तेच.” मला केवढं आश्चर्य वाटलं होतं! दोन लांबचे शब्द आतून एकाच घरचे निघतात, याचं.

तिचे बाबा आटगावला रेल्वेच्या गँगमध्ये होते. रुळांवर काम. त्यांनी कल्याणहून तिच्यासाठी जाडजूड डिक्शनरी आणली होती. आमच्या अख्ख्या गावात तेवढी एकच. म्हणून मी शब्द उतरवायला बौद्धवाडीत तिच्या घरी जायची. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली फळीवर डिक्शनरी. बाबा घरी असले तर आमच्यापाशी बसायचे. बोलायचे नाहीत, नुसते ऐकायचे. एकदा म्हणाले, “आमच्या सायबाला पण येत नसतील एवढे शब्द. कलेक्टर होशील तू.” ती लाजली, पण तिला ते खरं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

घरी परतले की आई विचारायची, “पाणीबिणी पियालीस का तिथं?”

“नाय,” मी सांगायची. प्यायलेलं असायचं, तिच्या आईने केलेली तांदळाची भाकरीही खाल्लेली असायची.

एक दिवस डिक्शनरीत ‘प्रेज्युडिस’ हा शब्द आला. तिने फोडला. “प्री म्हणजे आधी. ज्युडिस, जज्जमधलं. आधीच देऊन ठेवलेला निकाल.” आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझी आय विचारते ना तुला घरी गेल्यावर?”

मी मान खाली घालून तो शब्द वहीत उतरवला.  तिने परत कधी विचारलं नाही.

त्या डिक्शनरीत प्रत्येक शब्दापुढे कंसात विचित्र अक्षरं असायची. उलटा ई, मध्येच दोन ठिपके. आम्ही सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ते सोडा. आपण अर्थाकडे जायचं.” ती उच्चाराची चिन्हं असतात हे मला पुढे पाच-सहा वर्षांनी कॉलेजात कळलं. सरांना तेव्हा ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. आता वाटतं, नसावं. आमच्यासारख्याच कुठल्याशा शाळेत ते शिकले होते आणि पुढे सगळं इंग्रजी एकट्यानेच छापील पानांवरून जमवलं होतं. ते त्यांनी कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलंच नव्हतं.

थंडीत शहापूरला तालुक्याची इंग्रजी शब्दस्पर्धा होती. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलं नव्हतं. सरांनी हेडमास्तरांकडे हट्ट धरून आम्हा दोघींची नावं दिली. महिनाभर शाळा सुटल्यावर थांबून त्यांनी आमची तयारी करून घेतली. जायच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एस.टी.त ते आमच्या मागच्या बाकावर बसून शब्द विचारत होते आणि पुढे बसलेला बाप्या माणूस वळून वळून आमच्याकडे बघत होता.

पहिली फेरी लेखी होती. शब्दांचे अर्थ, उलट अर्थ, तुकडे. हॉलमध्ये इंग्रजी मीडियमची मुलंमुलीही होती, बूट-टाय घातलेली. निकाल लागला तेव्हा माझं नाव यादीत नव्हतं, पण माझी मैत्रीण पहिली होती. एकाही उत्तराला तिचा गुण गेला नव्हता. सर टाळ्या वाजवताना रडतायत की काय असं मला वाटलं.

दुसरी फेरी स्टेजवर. एक उतारा मोठ्याने वाचायचा आणि त्यातल्या शब्दांचे अर्थ सांगायचे. ती माइकपुढे उभी राहिली. दोन वेण्या, वर बांधलेल्या रिबिनी. पहिली दोन वाक्यं नीट गेली. मग ‘डिटर्मिन’ आलं, ते तिने ‘डिटरमाइन’ म्हटलं.

पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. ती थांबली नाही. पुढे ‘सटल’ होतं, ते तिने ‘सबटल’ वाचलं. मग ‘डेब्री’ आलं, ते ‘डेब्रिस’. आता हॉल उघड हसत होता. तिला कळेना काय झालंय. तिने ओढणीवर काही सांडलंय का ते पाहिलं. उतारा मात्र शेवटपर्यंत वाचला, आणि हसण्यातच विचारलेल्या पाचही शब्दांचे अर्थ बरोबर सांगितले.

परीक्षक बाई वाईट नव्हत्या. त्यांनी हात वर करून मुलांना गप्प केलं आणि मायेनेच विचारलं, “बाळा, अर्थ सगळे येतात तुला. मग हे उच्चार असे कुणी शिकवले?”

सर हॉलच्या मागच्या दाराशी उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. मी पण पाहिलं. ते भिंतीला टेकले होते, हात छातीशी जुळलेले, टाळी वाजवता वाजवता थांबल्यासारखे.

“कुणी नाय,” ती माइकमध्ये म्हणाली. “माझं मीच वाचलंय.”

तिला तिसरा की चौथा नंबर मिळाला, एक पेन आणि प्रमाणपत्राचा कागद. येताना एस.टी.त सर लांब, ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर त्यांनी तिला हाक मारली. मला वाटलं शाबासकी देतील.

“तू कशाला अंगावर घेतलंस?” ते म्हणाले. “चूक माझी आहे.”

 आम्ही वाटेला लागलो. वळणावरून पाहिलं तर ते अजून फाट्यावरच उभे होते.

सोमवारी वर्गात आलो तर सरांच्या हातात गाइड होतं. पाठाखालच्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी लिहून दिली. तास संपत आला तेव्हा मैत्रीण उभी राहिली. “सर, आजचे शब्द?”

“आता परीक्षेचं बघू,” ते म्हणाले. फळा पुसला आणि गेले. त्यानंतर एकही शब्द फोडला नाही. वर्गात इंग्रजी वाचायची वेळ आली की ते कुणाला तरी उभं करायचे, स्वतः वाचायचे नाहीत. आम्ही दहावीत गेलो तेव्हा ते नव्हते. मान्यता आली नाही, म्हणून सोडून गेले, असं शिपाईमामा म्हणाले. कुठे गेले ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मैत्रीण दहावी पास झाली, बऱ्यापैकी मार्कांनी. पण त्या दिवसानंतर तिने इंग्रजी मोठ्याने वाचलं नाही. वर्गात उभं केलं तर उभी राहायची आणि गप्प राहायची. बारावीनंतर डी.एड.चा फॉर्म भरला, यादी थोडक्यात हुकली. मग आसनगावजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. दोन वर्षांनी लग्न होऊन मुरबाडच्या बाजूला गेली. बाबांनी कलेक्टरचं नाव परत काढलं नाही.

मी कॉलेजला कल्याणला गेले. बी.ए. झाले. दोन हजार सालानंतर सगळीकडे कॉल सेंटरची हवा होती. ‘इंग्रजी आलं पाहिजे’ एवढीच अट म्हणे. मला तर शब्द येत होते, हजार-दीड हजार. ठाण्याच्या एका इंटरव्ह्यूला मी आईची चांगली साडी नेसून गेले. थंडगार खोलीत एक माझ्याच वयाची मुलगी समोर बसली होती.

“टेल मी अबाउट युवरसेल्फ.”

स्वतःबद्दल सांगायला माझ्याकडे कितीतरी शब्द होते. परसिव्हिअरन्स होता, इंट्रोस्पेक्टिव्ह होता. ते सगळे दाराशी एकदम आले आणि अडकले. मी म्हटलं, “माय नेम इज...” आणि पुढचं वाक्य जुळवताना प्रत्येक शब्दाआधी मला वाटत होतं, हा असाच म्हणतात ना? की आता ही हसेल? ती हसली नाही. माझ्या फॉर्मच्या कोपऱ्यात तिने एम टी आय अशी तीन अक्षरं लिहिली आणि थँक्यू म्हणाली. बाहेर रांगेतल्या एकीला मी त्याचा अर्थ विचारला.

“मदर टंग इन्फ्लुएन्स. आपली भाषा ऐकू येते ना बोलताना, ते. गेलं समज.”

तसे आणखी चार इंटरव्ह्यू दिले. चारही तसेच गेले. शेवटी मुरबाडच्या एका इंग्रजी मीडियमच्या शाळेत ऑफिसात लागले. दाखले लिहायचे, हजेरीचे तक्ते करायचे. माझं लिखाण बिनचूक असतं, म्हणून प्रिन्सिपलबाई त्यांची पत्रंही माझ्याकडूनच लिहून घेतात. पालक आले की मात्र आतून दुसऱ्या बाईंना बोलावतात. मला कधी कुणी स्पष्ट सांगितलं नाही, पण माझी मीच मागे होते.

त्या ऑफिसात एक दिवस दुपारी माझी मैत्रीण आली. आठेक वर्षांनी भेटत होतो. वाळली होती. बाकावर बसली, पिशवीतून मोठं पाकीट काढलं.

“बाबांचा रिपोर्ट हाय. खोकला जाईना म्हणून कल्याणला दाखवलं. डॉक्टर उद्या सांगतो म्हणाला.” पाकीट माझ्यापुढे सरकवलं. “तू वाच.”

“तू नाय वाचलास?”

“वाचलाय. माझं चुकलं असेल. तू वाच.”

मी कागद काढला. दोन पानं होती. खालच्या परिच्छेदात ‘मॅलिग्नंट’ होतं, म्हणजे कॅन्सरचं. त्यापुढे आणखी एक लांब शब्द, जो आम्ही दोघींनी कधी पाहिला नव्हता. पण तो फोडता येत होता. मेटा म्हणजे पलीकडे. स्टॅसिस म्हणजे ठाण मांडून बसणं. मी तो तीनदा वाचला. दुसरा काही अर्थ निघतो का ते पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं की या एका वेळी तरी आपण चुकलेलो असावं, मी हसावं, असं तिला वाटतंय.

“काय निघतंय?” तिने विचारलं.

“तुला जे वाटलं तेच,” मी म्हणाले.

 बाहेर मुलांची मधली सुट्टी झाली. पोरं इंग्रजीत भांडत होती, फडाफडा, कशाचीही भीती नसल्यासारखी. मी तिला चहा विचारला. ती म्हणाली, “नको गो. यष्टी चुकेल.” रिपोर्ट घडी मोडू न देता पाकिटात घातला आणि गेली.

तिचे बाबा तीन महिन्यांत गेले. मी मातीला गेले होते. बायकांमध्ये ती बसली होती, मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिची आई मला म्हणाली, “डॉक्टरांनी आमाला शेवटपर्यंत नीट काय सांगितलंच नाय गो.” मैत्रिणीने माझा हात दाबला. तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तीन महिने त्या घरात ती एकटीच जाणून होती.

संध्याकाळच्या गाडीने मी मुरबाडला परतले. दुसऱ्या दिवशी सातवीचे दाखले द्यायचे होते, ते लिहायला बसले.