गळ टाकण्याआधीचा एक तास

चौदाव्या वर्षी मला मासे धरायचे होते, तेही गोड्या पाण्यातले. लालबागच्या चाळीत राहणारी मी, रोज सकाळी कोळीण आमच्या दारात टोपली उतरवायची, आणि मी झुरत होते पवईच्या तळ्यातल्या रोहूसाठी. घरात तो कुणी खाल्लाही नसता. आई नाक मुरडायची, "त्येका चिखलाचो वास येता."

खरं म्हणजे मला रान बघायचं होतं. मुंबईच्या उत्तरेला तेव्हा खरोखरीचं रान होतं. भांडुपला उतरून बरंच चाललं की झाडीत तळं. आमच्याकडेच राहणारा माझा मामा परळच्या एका गिरणीत कापड विणायच्या मागावर होता. दसरा झाला, तळ्याचं पाणी निवळलं की एका रविवारी तो गळ घेऊन तिकडे जायचा. आईने मला बजावलं होतं, "जावचा तर यंदाच जा. फुडल्या वर्साक तुका साडी नेसवतलंय. मगे रान नाय नि तळा नाय."

म्हणजे आता नाही तर कधीच नाही. मी वहीत बेत लिहून काढला. गळाला लावायला शेंगदाण्याची पेंड आणि बेसन मळून गोळ्या, त्यात चिमूटभर हिंग. आपल्याला चपात्या आणि सुकटीची चटणी. माशांच्या जेवणासकट सगळं ठरलं होतं. मामाला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"तू?" मामा हसत सुटला. "अगं, तू तळ्यावर पाय ठेवलास की मासे ठाण्याला पळतील. मी दिवसभर मागांचा खडखडाट ऐकतो. वर्षातून एक रविवार शांत बसायला जातो, तिथे तुला नेऊ?"

मी इतकी मागे लागले की शेवटी त्याने अट घातली. गॅलरीत हातात काठी धरून एक तास बसायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही. रविवारपर्यंत तीन संध्याकाळी, तीन संधी. एकदा जरी जमलं तर नेईन.

पाठांतरात शाळेत पहिली येणारी मुलगी मी. तोंड चालवण्याचीच बक्षिसं मिळवलेली. पण ठरवलं म्हणजे ठरवलं.

गुरुवारी मी काठीला दोरा आणि दोऱ्याला पिन बांधून तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडली. तिसऱ्याच मिनिटाला पिनेला खालच्या काकूंचं वाळत घातलेलं पोलकं लागलं. "काकू, ओढू नका, फाटेल!" मी ओरडले. पहिली संध्याकाळ गेली.

शुक्रवारी पिन काढून टाकली. मामा घड्याळ मांडीवर घेऊन शेजारी बसला. पन्नास मिनिटं मी दगड होते. तेवढ्यात नाक्यावरून मोर्चा वळला. त्या दिवसांत मोर्चा नाही अशी संध्याकाळ क्वचितच जायची. खालून आवाज आला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" मी काठी उंचावून ओरडले.

मामाही ओरडला होता, मूठ वर करून, माझ्यापेक्षा मोठ्याने. पण त्याने शांतपणे घड्याळ बाजूला ठेवलं. "हरलीस."

"तू पण ओरडलास की!"

"परीक्षा तुझी आहे. मला मासे ओळखतात."

एवढा अन्याय सरकारनेही केला नसेल असं मला वाटलं. निषेध म्हणून मी रात्री जेवले नाही. म्हणजे भात जेवले नाही. तळलेला बांगडा खाल्ला.

मामाला माझी दया आली असावी. हात धुताना मी फुरंगटून विचारलं, "गिरणीत एवढ्या आवाजात तुम्ही बोलता तरी कसे?"

"बोलतो कोण?" तो म्हणाला आणि हातांनी दाखवू लागला. मिशी पिळली की मुकादम आला. अंगठा ओठांना लावला की चहा. तळहात आडवा फिरवला की माग बंद. झोपेपर्यंत मी त्याच्याकडून निम्मी गिरणी शिकून घेतली.

शनिवार शेवटचा. काठी घेऊन बसले. पाऊण तास उलटला आणि पुन्हा मोर्चा आला, कालच्याहून मोठा. अख्खी गॅलरी कठड्याला लोंबकळून घोषणा देऊ लागली. मामा तर उभाच राहिला. मी काठी घट्ट धरून बसून.

शेजारच्या आजोबांनी मला हेरलं. "काय गो? तुका नको महाराष्ट्र?"

घशापर्यंत उत्तर आलं होतं. चांगलं दहा मिनिटांचं भाषण होतं. ते गिळलं, आणि पुढची घोषणा आली तेव्हा एक मूठ वर केली, तोंड पूर्ण उघडलं आणि आवाज काढलाच नाही. टोपलीतला ताजा मासा तोंड उघडतो ना, हुबेहूब तशी दिसले असेन. आजोबा म्हणाले, "चेडवाक काय झाला?" मी त्यांच्याकडे बघत तळहात आडवा फिरवला. माग बंद.

मामाने ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे केलं. त्याचे खांदे मात्र हलत होते.

मोर्चा पुढे गेला. घड्याळाचा काटा तासावर आला. मामाने माझ्यासमोर पाच बोटं धरली, डोळ्यांवरून हात फिरवून पहाटेची खूण केली आणि हवेत गळ टाकला.

"पहाटे पाचला? घरातून निघायचं की गाडी पाचची? चपात्या किती करू? मामा, वाघ असतो का रे तिथे? आणि हिंग—"

मामाने एका हाताने कान झाकला. दुसऱ्या हाताची पाच बोटं मात्र तशीच वर होती.